न बदलणारी म्हातारी

कलाग्रंथालयाच्या फाटकावर ग्रंथपाल हेमांगी रिसबूड रस्त्यावरच्या माणसांना आत येऊन चित्रं बघा म्हणून विनवून थकल्या होत्या. बघायला कुणीच येत नाही, म्हणून संग्रहातली मूळ चित्रं आज भट्टीत जाणार होती. अखेर सईदा नावाची एक बाई आत आली आणि एका म्हातारीच्या चित्रापुढे थांबली. आता घरोघरच्या भिंतींवरली चित्रं बघणाऱ्याचं मन ओळखून क्षणात बदलत.

"ही माझ्याकडे बघून हसत का नाही?"

"ती कुणासाठीच बदलत नाही, बाई."

सईदा कितीतरी वेळ बघत राहिली. "म्हणजे उद्या आले तरी अशीच असेल?"

बाहेर भट्टीचा ट्रक येऊन थांबला. हेमांगीबाईंनी चित्र उतरवलं आणि सईदाच्या ओढणीत गुंडाळलं.

"असेल. मागच्या दारानं जा, आणि बाकीची चित्रं न्यायला शेजारणींना पाठवा. पटकन!"