भुऱ्याची जीभ

भाग्यलक्ष्मीचे आईवडील तिला घेऊन ठाणाकुशनूर सोडून कामासाठी पुण्याला निघाले होते. जीप दुपारी येणार होती. "फुटू ने, कुत्रं न्यायचं न्हाई," असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला बजावलं होतं. म्हणून ती भुऱ्याला माझ्या ओसरीच्या खांबाला बांधून आत कॉम्प्युटरपाशी येऊन बसली.

भुऱ्याचा फोटो मी आधीच काढून स्क्रीनवर उघडला होता. माझ्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती. मी म्हणालो, "बरंच झालं. रंग काढले की मागची निळी बादली डोळ्यांत खुपत नाही, नजर थेट भुऱ्याच्या तोंडावर जाते. बटण तूच दाब."

तिनं दाबलं. बादली करडी झाली, भुऱ्याही करडा झाला. बाहेर लोंबणारी जीभ मात्र गुलाबीच राहिली.

"गुरुजी, जीभ ऐकंना झालीय!"

"शिकताना असं होतं. पुन्हा दाब."

तिनं पाच वेळा दाबलं. शेवटी मी फोटो तसाच छापायला घेतला. काळ्या शाईतून गुलाबी येणार तरी कुठून?

कागद बाहेर आला. जीभ गुलाबी होती.

भाग्यलक्ष्मीनं फोटोवरून हात फिरवला आणि खुदकन हसली. "गुरुजी, चाटायलाय की ह्यो!"

"शाई ओली असेल, बाळ. हात काळा होईल."

तिनं तळहात पुढे केला. तो ओला होता आणि स्वच्छ होता.

एवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ओसरीवर भुऱ्या खुशीत उठला आणि शेपूट हलवत त्यानं जीभ बाहेर काढली.

ती करडी होती.