क्लिअर कोटच्या आत

मी गाडीत वाचत बसलो की माझी बायको मंजुश्री बाहेरून बांगड्यांच्या हाताने दार वाजवायची. ती गेली. हँडलशेजारी बारीक ओरखडे राहिले. गाडी विकायची ठरली तेव्हा ते बुजवावेत असं मला वाटलं. त्याआधी एकदा त्यांवरून हात तरी फिरवायला हवा होता.

लातूरच्या गॅरेजात संगमेश्वरने ते दार पत्र्यापर्यंत घासलं, रंग दिला. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडून वरून चकाकीचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, मारला. पॉलिश झाल्यावर त्याने मला हाक मारली.

"या काका, भांग पाडून घ्या ह्याच्यात! ह्याच्यापुढं आरसा झक मारतोय का न्हाई?"

मी वाकलो. दारात माझा चेहरा दिसला, मागचं चिंचेचं झाड दिसलं. हँडलशेजारी ओरखडेही दिसले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"संगमेश्वर, हे राहिलेत का? की मलाच दिसतायत?"

त्याने नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही. त्याचं हसू मावळलं.

"वरून काय लागंना, काका. कोटच्या आत हायेत."

"असू दे, बाबा. आता विकत नाही गाडी," मी म्हणालो. खरं तर मला बरंच वाटलं होतं.

मग मी हात फिरवला. दार थंड, गुळगुळीत होतं. तिचं काहीच हाताला लागलं नाही. तेवढ्यात तळव्याखाली बांगड्या वाजल्या.

मी घाईने दार उघडलं. सीट रिकामी होती.

बांगड्या वाजतच राहिल्या. दार सताड उघडं होतं, तरी माझ्या डोळ्यांदेखत त्या चकाकीच्या आत आणखी एक ओरखडा उमटला.