झिजलेली निब

"खोटं असेल तर फेका, खरं असेल तर विका. घरात नकोय!" साठीच्या विब्केनं वारलेल्या वडिलांचं शाईपेन माझ्या टेबलावर आपटलं. हॅम्बर्गमध्ये जुनी पेनं पारखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. सोन्याची निब, टोपणाच्या कड्यावर कोरलेली अक्षरं. "पेन अस्सल. पण वापरणारा डावखुरा होता; निब तशी झिजलीय." "काहीतरीच!" सोबत आलेली तिची आई हसली. "आमचे हे मास्तर. डाव्या हातानं लिहिणाऱ्यांना पट्टीनं झोडायचे." "मलासुद्धा," विब्के म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिलं होतं?" मी विचारलं. "पेन कुणी उसनं देतं का? निब बिघडते!" बोलतानाच आई थबकली. "लिहायला बसले की हे आतून कडी लावायचे." विब्केनं पेन डाव्या हातात घेतलं, दौतीत बुडवलं. ते कागदावर लोण्यासारखं सरकलं. "भित्रे होते बाबा," म्हणत तिनं टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं.