पेटीवरचं नाव

महिपतने आणखी एक शेअर विकत घेतला आणि थोरल्या भावासमोर हुकमाच्या पानासारखा आपटला. आता आगगाडीच्या कंपनीचे पाच शेअर त्याचे, काशीरामचे चारच. ज्याचे शेअर जास्त तो कंपनीचा प्रमुख, असा खेळाचा नियम. शेजारच्या हारुनने बोटीवरच्या नोकरीतून येताना हा पुठ्ठ्यावरचा खेळ आणला होता. त्याने काशीरामपुढचं इंजिन उचलून महिपतपुढे ठेवलं.

रत्नागिरीत खऱ्या आगगाडीची अजून नुसती मोजमापं चालली होती. पण महिपतला गाडीचं काय सोयरसुतक? त्याला दादाच्या हातातलं काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं. बाग दोघांची, पण आंब्याच्या प्रत्येक पेटीवर नाव काशीरामचं. मुंबईचा दलाल ओळखणार तो काशीरामला. महिपतच्या डोळ्यांत ते नाव कुसळासारखं सलायचं. गेल्या साली मोहोर करपला, तरी दादाने त्याचा वाटा नेहमीसारखा पुरेपूर दिला. त्यावरही तो जळलाच. मला एवढं देतो, म्हणजे स्वतः केवढं दाबून ठेवलं असेल! आज सकाळीच त्याने बजावलं होतं, यंदा पेट्यांवर माझं नाव घालायचं. काशीराम नुसता "बघू" म्हणाला होता.

पुढच्याच फेरीत नव्या जातीचं इंजिन बाजारात आलं आणि जुनं मोडीत निघालं. इंजिनाशिवाय कंपनी चालेना. महिपतने ऐटीत कंपनीचा गल्ला उघडला, तर आत खडखडाट.

आता इंजिन कोण घेणार, त्याने विचारलं. हारुनने नियमांच्या पानावर बोट ठेवलं.

"प्रमुखाने. आपल्या पदरचं घालून. बाकीच्या भागीदारांना तोशीस नाही."

महिपतच्या सगळ्या खोट्या नोटा गेल्या, तरी इंजिनाला पुरल्या नाहीत. त्याचं दिवाळं वाजलं आणि खेळ संपला. हारुन पोट धरून हसला. महिपतच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गल्ला रिकामा होता, दादा. बोलला का नाहीस?"

"प्रमुखाने बोलायचं नसतं रे," काशीराम सोंगट्या गोळा करत म्हणाला. "भागीदार घाबरतात."

तेवढ्यात दमयंतीवहिनी चहा घेऊन पडवीत आली. महिपतने कपासाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. वहिनीच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. मोहोर करपला त्या सालापर्यंत तिथे सोन्याच्या पाटल्याही असायच्या.