शेजारची खुर्ची

“काकू, आज तुम्ही फ्लॉसीजवळ बसा, पहिल्या रांगेत,” युजीन म्हणाला आणि जयवंतीबाई हॉलच्या दारातच थबकल्या. नवऱ्याचा, आत्मारामांचा, हात त्यांच्या खांद्यावर होता. या वयातही हे जोडपं असंच येतं, म्हणून विरारच्या फिल्म सोसायटीत त्यांची यथेच्छ चेष्टा चालायची.

युजीनचा हेतू चांगलाच होता. तो सोसायटीचा चिटणीस, त्यामुळे तक्रारी त्यालाच ऐकाव्या लागत. जुना अमेरिकी सिनेमा सुरू झाला की मागच्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांत कुजबुजही सुरू व्हायची, ती थेट शेवटपर्यंत. जयवंतीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. नवरा एकेक संवाद मराठीत करून त्यांच्या कानात सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांगतो तर सांगू दे, पण बाईंची उत्तरंही चांगली लांबलचक असायची.

आत्मारामांना मात्र बोलायची कुणाची छाती नव्हती. सोसायटीच्या पत्रिकेत त्यांचं परीक्षण आलं की सिनेमा पाहिलेली माणसंही तो पुन्हा दाखवा म्हणून मागे लागत. नायिकेच्या मानेवर पडलेला खिडकीतला उजेड, टोपी हातात धरून उंबऱ्यातच थांबलेला नायक, असलं काही टिपणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नव्हता. ते घरात फेऱ्या मारत बोलायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. मोठ्या माणसाला लेखनिक लागतोच, असं युजीनची बायको फ्लॉसी म्हणायची.

आज मुंबईच्या एका साप्ताहिकाचे संपादक आले होते, हर्षवर्धन नावाचे. जुन्या अमेरिकी सिनेमांवर सदर लिहायला त्यांना माणूस हवा होता. खेळ संपल्यावर आत्मारामांनी दोन शब्द बोलायचे, ते पसंत पडले तर सदर त्यांचं. निवृत्त झाल्यापासून आत्मारामांचा सगळा जीव या लिहिण्यातच होता. म्हणून आज तरी कुजबुज नको, असं युजीनने ठरवलं होतं. त्यात आजचा सिनेमा मूकपट. मधल्या पाट्या तो स्वतःच मराठीत मोठ्याने वाचणार होता. म्हणजे काकूंना समजावून सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं.

“मी यांच्याजवळच बरी,” जयवंतीबाई म्हणाल्या.

“एवढा एक दिवस, काकू. पाहुणे काय म्हणतील?”

बाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. आत्मारामांनी त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मग म्हणाले, “मला खुर्चीपर्यंत सोड आणि तू जा पुढे.”

दिवे मालवले, प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली. पडद्यावर एक वेंधळा खानसामा बंगल्यातल्या मेजवानीत धुमाकूळ घालत होता. लोक पोट धरधरून हसले. मग बंगल्याच्या मागच्या दारी त्याची म्हातारी आई आली आणि पाहुण्यांसमोर त्याने तिला ओळखच दाखवली नाही. हॉल चिडीचूप झाला. जयवंतीबाई तेवढ्या सारख्या मागे वळून बघत होत्या. शेवटी फ्लॉसीने त्यांना कोपराने ढोसलं.

दिवे लागल्यावर आत्माराम उठले. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. घाबरलेत बिचारे, असं युजीनला वाटलं.

“सिनेमा तुम्ही पाहिलात, तो मी काय सांगू?” ते म्हणाले. “मी आज तुमच्याबद्दल बोलतो. तुम्ही हसत होतात तेव्हा उजवीकडे एकजण दर वेळी जरा उशिराने हसत होता. शेजारी हसला की हसणारा. मग ‘या बाईला मी ओळखत नाही’ ही पाटी युजीनने वाचली. तेव्हापासून तो उशिरा हसणारा एकदाही हसला नाही. एक खुर्ची करकरली नाही. पुढे कुणीतरी नाक ओढलं, ते हळूच, दुसऱ्याला कळू नये म्हणून. समुद्रापलीकडे, आपल्या जन्माआधी, तोंडातून एक शब्द न काढता कुणी हे करून ठेवलंय आणि आज विरारमध्ये तुम्ही श्वास रोखून बसता. याहून मोठी कला मला माहीत नाही.”

मग टाळ्या थांबेचनात. संपादक स्वतः उठून मागे आले. आजवर पुष्कळ परीक्षणं वाचली, पण सिनेमा सोडून प्रेक्षकांकडे बघत बसलेला समीक्षक पहिल्यांदाच भेटला, असं म्हणाले. सदर आत्मारामांचं झालं.

“बघा काकू,” युजीन म्हणाला, “तुम्ही लांब बसलात म्हणून काकांना निवांत बघता आलं.” बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

दोघं जिना उतरले. आत्मारामांचा हात पुन्हा बाईंच्या खांद्यावर आला होता. रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, आसपास आपलं कुणी नाही ना? बाई नाही म्हणाल्या.

“मग आता पहिल्यापासून सांग,” आत्माराम म्हणाले. “तो खानसामा दिसायला कसा होता? आणि मी पडद्याकडेच तोंड करून बसलो होतो ना गं?”