नळीवरची लिंबू-मिरची

"हे कुणी बांधलं इथं?" सून तिच्या माहेरच्या माणसांदेखत कडाडली. दर रविवारी ती हौसेखातर दोन माणसांचं इवलंसं विमान उडवते. उडण्याआधी त्याच्याभोवती फिरून प्रत्येक गोष्टीला हात लावून बघते. पंखाखालच्या बारीक नळीच्या तोंडाशी तिला माझी लिंबू-मिरची सापडली.

"मी बांधली," मी म्हटलं. "नव्या ट्रॅक्टरला बांधते, मग ह्याला का नको? आणि आवाज खाली!"

"आत्याबाई, या नळीत वारा शिरतो, त्यावरून विमानाचा वेग कळतो. वर गेल्यावर वेग चुकीचा दिसला, तर मी खाली कोसळेन!"

तेवढ्यात आमचे चिरंजीव मध्ये कडमडले, "जाऊ दे गं, आईला काय कळतंय त्यातलं?"

"तू गप रे! बायको आभाळात चाललीय आणि तू इथं भजी हाणतोयस. माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही!"

सून थबकली. "म्हणजे तुम्ही घाबरता होय?"

"घाबरतंय माझं पायताण!"

ती हसली नाही. लिंबू-मिरची सोडवून तिनं शर्टाच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

"अगं, मिरची झोंबेल छातीला!"

"झोंबू दे," म्हणाली आणि विमानात चढली.

विमान परत जमिनीला टेकेपर्यंत मी पोराला शिव्या घालत होते. दुसऱ्या कुणाला घालणार?