पहिलं झबलं

प्रदर्शनात मांडायच्या, माझेच जुने कपडे जोडून केलेल्या माझ्या कापडी आत्मचरित्राच्या मधोमध मला माझं पहिलं झबलं लावायचं होतं. त्यावर आईने जाडजूड अक्षरांत भरलेलं माझं नाव पार विटलं होतं. नव्या रेशमाने भरू म्हणून मी ते उसवलं, तर खाली सुईची आणखी बारीक भोकं निघाली. उजेडात धरल्यावर चार अक्षरं लागली. माझं नाव दोनच अक्षरी.

"आई, हे कुणाचं नाव?"

"तुझ्या ताईचं. अकरा दिवसांची होती."

"पण थोरली तर मीच ना?"

बोट ओलं करून मी ती भोकं चोळत राहिले.

"बुजत नाहीत गं ती. भिजवून पाहिलं, इस्त्री फिरवून पाहिली. शेवटी त्यांच्यावरच तुझं नाव भरलं."